‘वय झाले’ हे निदान नव्हे

ज्या घराची राखण करण्यात ज्याचे सारे आयुष्य गेले तो कुत्रा एके दिवशी दाराची घंटा वाजली तरी जागचा उठत नाही, दिवाणावर उडी घेण्याऐवजी त्याच्या कडेवर हनुवटी टेकून उभा राहतो, जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर थबकतो, आणि घरातले कोणीतरी त्याच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणते, ‘‘वय झालं आता त्याचं.’’ या उद्गारात माया असते, हे मी नाकारीत नाही. परंतु त्याच उद्गाराने चौकशी संपते आणि इलाजाचा विचारही तेथेच थांबतो. आपण ज्याला वय समजून सोडून देतो ते पुष्कळदा वय नसून दुखणे असते. ते दुखणे आजच्या पशुवैद्यकाला बहुतांशी ओळखता येते, काही अंशी बरे करता येते, आणि जेथे बरे करता येत नाही तेथेही सुसह्य करता येते. सबब म्हाताऱ्या कुत्र्याची शुश्रूषा हा कनवाळू माणसाच्या ऐच्छिक मर्जीचा प्रश्न आता राहिलेला नाही, ते कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाचे आणि काही प्रमाणात समाजाचेही कर्तव्य झाले आहे, असे माझे मत आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांपुढे हा प्रश्न या स्वरूपात उभा राहिला नव्हता. त्यांचे अंतःकरण अधिक कठोर होते म्हणून नव्हे, तर त्यांच्या अंगणातला किंवा वस्तीवरचा कुत्रा म्हातारा होण्याइतका क्वचितच जगत असे म्हणून. डिस्टेंपरची साथ, पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा, सर्पदंश, जुन्नर-आंबेगावाकडे बिबट्या, आणि १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा रक्ताच्या हगवणीचा आजार, यांपैकी काही ना काही त्याला भर तारुण्यातच गाठीत असे. आता लशी वेळेवर टोचल्या जातात, कुत्रा अंगणातून दिवाणखान्यात आला आहे, आणि पुण्या-मुंबईतच काय, सांगली, लातूर, अकोल्याच्या सदनिकांतही बारा-चौदा वर्षांची कुत्री दिसू लागली आहेत. आयुष्य लांबले, त्या लांबलेल्या उत्तरार्धाची तजवीज मात्र आपण केलेली नाही.

मुळात वार्धक्य केव्हा सुरू होते याविषयीच आपली कल्पना ढोबळ आहे. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा सर्वतोमुखी असलेला हिशेब शास्त्राला धरून नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयोमानानुसार उमटणाऱ्या रासायनिक खुणा मोजून २०२० साली जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्याप्रमाणे वर्षाचा लॅब्रॅडॉर हा माणसाच्या तिशीत असतो, चौथ्या वर्षी त्याने पन्नाशी ओलांडलेली असते, आणि त्यापुढे वयाची गती मंदावून बाराव्या वर्षी तो सत्तरीत पोहोचतो. शिवाय जातीजातीत मोठे अंतर आहे. ग्रेट डेन सहाव्या-सातव्या वर्षीच वृद्ध होतो, तर घरातले पॉमेरेनियन दहाव्या वर्षीही तरतरीत राहू शकते. त्या त्या जातीच्या सरासरी आयुष्याचा शेवटचा चतुर्थांश म्हणजे वार्धक्य, असे पशुवैद्य स्थूलमानाने धरतात, आणि त्या काळात वर्षातून दोनदा तपासणी करून घ्यावी असे सांगतात. आपल्याकडे सात-आठ वर्षांच्या लॅब्रॅडॉरला कोणी वृद्ध मानीत नाही. त्यामुळे ज्या वर्षांत दुखणे आरंभावस्थेत सापडले असते नेमकी तीच वर्षे निसटून जातात.

या दुखण्यांत सर्वांत व्यापक आणि सर्वांत उपेक्षित दुखणे म्हणजे सांध्यांची झीज. पाय मोडला तर कुत्रा केकाटतो, परंतु महिनोन्महिने ठणकणाऱ्या खुब्याविषयी तो अवाक्षर काढीत नाही, आणि तो विव्हळत नाही म्हणजे त्याला दुखत नाही अशी घरच्यांची समजूत होते. त्याची वेदना त्याच्या वागण्यातून वाचावी लागते. झोपेतून उठल्यावर पहिली काही पावले आखडलेली पडतात. बसताना तो मागचा भाग सावकाश, एका अंगावर सोडतो. नर असेल तर पाय वर करून लघवी करण्याचे सोडून देतो. मनगटाचा एकच सांधा चाटीत राहतो. मांड्यांचे स्नायू उतरत जातात. जन्मभर ज्याने घरातल्या पोरांचा दंगा सोसला तो कुत्रा कमरेला हात लागताच गुरगुरतो, तेव्हा ‘म्हातारपणी तापट झाला’ असा शेरा मारून त्याला गॅलरीत बांधले जाते. वस्तुतः त्या गुरगुरण्यात तक्रार असते, आणि ती नोंदवण्याचा त्याच्यापाशी दुसरा मार्ग नसतो.

या बाबतीत आपली आधुनिक घरे त्याची वैरी झाली आहेत. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा खडबडीत शहाबादी फरशीवर कुत्र्याच्या पंज्याला पकड मिळत असे. आजच्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय दोहो बाजूंना फाकतात, दोन-तीनदा असे घसरल्यावर तो चालायलाच भितो, आणि न चालल्यामुळे उरलेले स्नायूही झडतात. या अनर्थावरचा उपाय फारसा खर्चाचा नाही. त्याच्या नेहमीच्या वाटेवर, म्हणजे बिछान्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तेथून दारापर्यंत, काथ्याची चटई किंवा खाली रबर लावलेली सतरंजी अंथरावी; पंज्याच्या गाद्यांमधले केस कापावेत; आणि नखे नियमाने काढावीत, कारण न चालणाऱ्या कुत्र्याची नखे झिजत नाहीत व वाढलेल्या नखांनी त्याचे सारे उभे राहणेच बिघडते. निजायला जाड गादी किंवा गोधडीच्या चार घड्या हव्यात, नाही तर कोपरांना घट्टे पडून पुढे त्यांच्या जखमा होतात. आठवडाभर घरात बसवून रविवारी सिंहगडावर नेण्याची जी हौस पुण्यात दिसते ती या वयात सर्वस्वी वर्ज्य समजावी. दिवसातून तीन-चारदा, थोडे थोडे, सपाट रस्त्यावरून चालणे हेच त्याला हितकर असते. मागचे पाय फारच दुबळे झाले असतील तर पोटाखालून जुना पंचा घेऊन त्याची दोन्ही टोके हातात धरावी आणि त्याला आधार देत चालवावे.

मोठ्या जातीचा कुत्रा एकाच पायाने सतत लंगडू लागला तर लचक भरली असेल असे म्हणून थांबू नये, क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर मुंबईत तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुडकून काढण्याचे श्रेय ज्याला दिले जाते तो पोलीस दलातला लॅब्रॅडॉर ‘जंजीर’ २००० साली, वयाच्या अवघ्या आठव्या वर्षी, हाडांच्या कर्करोगाने गेला. शासकीय इतमामाने त्याला निरोप देण्यात आला हे अनेकांना आठवते. तो रोग मोठ्या कुत्र्यांत किती आढळतो हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

सांध्यांवरचा सर्वांत परिणामकारक इलाज औषधाच्या बाटलीत नसून जेवणाच्या भांड्यात आहे. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांच्या हयातभर एक प्रयोग चालवण्यात आला. जोडीतल्या एका कुत्र्याला जेवढे अन्न दिले जाई त्याच्या तीन-चतुर्थांश दुसऱ्याला दिले जाई. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान तेरा वर्षे भरले, अधिक खाणाऱ्यांचे अकरा वर्षे व दोन-अडीच महिने. आणि सांधेदुखीवर औषध सुरू करण्याची पाळीही सडपातळ कुत्र्यांवर सुमारे तीन वर्षांनी उशिरा आली. एवढा मोठा लाभ देणारे औषध अद्याप कोणी शोधलेले नाही. संत नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतल्याची कथा आपल्या रक्तात मुरलेली आहे आणि ती तशीच मुरलेली राहावी. परंतु ती वाटी एका भुकेल्या जिवासाठी होती. आपल्या घरातला कुत्रा भुकेला नसतो. सकाळचे बिस्कीट, दुपारची साय, संध्याकाळचा शिरा, आणि प्रत्येक पंगतीत प्रत्येकाच्या ताटातला एकेक घास, असा तो दिवसभर खात असतो.

पोळी-भाकरीला माझा विरोध नाही. माणसाच्या सहवासात राहून कुत्र्याच्या शरीराने पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती लांडग्याच्या कितीतरी पट अधिक कमावली आहे, हे त्याच्या जनुकांच्या अभ्यासावरून २०१३ साली सिद्ध झाले आहे. परंतु नुसत्या दूध-पोळीवर वृद्ध कुत्र्याचे पोषण होत नाही. दुधातली साखर पुष्कळ कुत्र्यांना या वयात पचत नाही, आणि स्नायू टिकण्यासाठी अंडे, कोंबडी, पनीर यांतून मिळणारी चांगली प्रथिने लागतात. मूत्रपिंडांचा विकार असेल तर हा आहार पशुवैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावा लागतो. रश्श्यातला कांदा-लसूण त्याच्या रक्तपेशींचा नाश करतो, आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे किंवा टोपलीतली द्राक्षे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी करू शकतात, हे तर प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.

याहून मोठा धोका घरातल्या औषधांच्या डब्यात असतो. कुत्रा लंगडतो असे दिसताच आपल्यासाठी आणलेली आयब्युप्रोफेनची किंवा डायक्लोफिनॅकची अर्धी गोळी त्याला चारण्याची वहिवाट आपल्याकडे बिनदिक्कत चालते. तिच्यामुळे जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे बंद पडतात, आणि घरचे म्हणतात की वयाने गेला. पॅरासिटामॉलनेही त्याच्या यकृताला इजा पोहोचते. माणसाचे औषध दुसऱ्या प्राण्याला केवढे घातक ठरू शकते याचा दाखला आपल्याच देशाने पाहिला आहे: गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांची कलेवरे खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन लक्षावधींच्या संख्येने मेली आणि २००६ साली सरकारला त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. तेव्हा पर्याय म्हणून पुढे आलेले मेलॉक्सिकॅम हेच आज कुत्र्यांच्या सांधेदुखीवर वापरले जाते, पण तेही वजनावरून मात्रा मुक्रर करून आणि रक्ताची तपासणी झाल्यावर.

‘वय झाले’ या एका शब्दप्रयोगाखाली किती निरनिराळे आजार दडपले जातात हे सांगू लागलो तर लेख आवरणार नाही. तरी काहींचा उल्लेख अपरिहार्य आहे. कुत्रा नेहमीपेक्षा फार पाणी पिऊ लागला आणि रात्री घरात लघवी करू लागला, तर त्याला रागावण्याआधी मूत्रपिंडे, मधुमेह व अंतःस्रावी ग्रंथी यांची तपासणी करावी. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते तेव्हा मूत्रपिंडांची सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती आधीच खर्ची पडलेली असते, म्हणून ही तपासणी लक्षणांची वाट पाहत बसण्यासारखी नाही. कुत्री असेल आणि तिची शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत वाढलेली तहान, उलट्या व मलूलपणा ही गर्भाशयात पू झाल्याची खूण असू शकते, आणि तेथे एका दिवसाची दिरंगाईही प्राणावर बेतते. जातिवंत कुत्रीची पिल्ले विकण्याच्या लोभाने किंवा नुसत्या संकोचाने शस्त्रक्रिया टाळणारी घरे आपल्याकडे अजूनही फार आहेत, आणि त्या टाळाटाळीचे मोल दहाव्या वर्षी तो मुका जीव चुकवतो. लहान जातींच्या कुत्र्यांत हृदयाची झडप सैल पडते; रात्रीचा खोकला हे तिचे लक्षण. गाढ झोपेत असताना छातीचे वरखाली होणे मिनिटभर मोजावे, ते वारंवार तिसाच्या वर जाऊ लागले तर दवाखाना गाठावा, ही साधी मोजणी कोणालाही जमते. डोळ्यांत निळसर झाक आली म्हणजे मोतीबिंदूच झाला असे नव्हे, भिंगाच्या वयोपरत्वे घट्ट होण्याने ती येते आणि दृष्टी बरीच शाबूत राहते. तोंडाला येणारी दुर्गंधी मात्र वयाची नसते, ती किडलेल्या हिरड्यांची असते. तोंड दुखत असलेला कुत्रा जेवण सोडतो आणि आपण त्याची भूक मेली असे समजतो.

रात्री दोन वाजता उठून येरझाऱ्या घालणाऱ्या, कोपऱ्यात तोंड करून उभ्या राहणाऱ्या, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर पडू पाहणाऱ्या कुत्र्याविषयी मला स्वतंत्रपणे लिहावेसे वाटते, कारण घराची सहनशीलता तेथे सर्वांत आधी संपते. माणसाच्या स्मृतिभ्रंशाशी पुष्कळ साम्य असलेला हा मेंदूचा विकार आहे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि पंधरा-सोळा वर्षांच्यांपैकी ६८ टक्क्यांत त्याचे एक तरी लक्षण आढळले होते. दिवस आणि रात्र यांची त्याची ओळख पुसट झालेली असते, आणि त्याच्या येरझाऱ्यांत खोडसाळपणाचा लवलेश नसतो. त्याला ओरडून गप्प करण्याने त्याचे भय वाढते. खोलीत मंद दिवा ठेवावा, सामानाची जागा बदलू नये, जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा कटाक्षाने पाळाव्या, दिवसा त्याला उन्हात बसवावे व थोडे हुंगत हिंडू द्यावे. यांनी पुष्कळ फरक पडतो, आणि जेथे पडत नाही तेथे औषधेही आहेत. ऐकू येत नसेल तर पाठीमागून जाऊन एकाएकी हात लावू नये, जमिनीवर पाय आपटून त्या कंपनाने आपण आल्याची वर्दी द्यावी. ज्या घरात स्मृती हरपलेल्या आजीची सेवा झाली आहे त्या घराला हे शिकवावे लागत नाही.

आता ही सेवा करायची कोणी, हा प्रश्न राहतो, आणि त्याचे उत्तर आजच्या मराठी मध्यमवर्गाच्या स्थितीत गुंतलेले आहे. मुलाने दहाव्या वर्षी हट्ट धरला म्हणून लॅब्रॅडॉरचे पिल्लू घरात आले. मुलगा शिकून बंगळुरूला किंवा सान होजेला गेला. मागे राहिले पासष्टी ओलांडलेले आईवडील आणि तीस-पस्तीस किलोंचा, मागचे पाय खचलेला कुत्रा. वडिलांचे स्वतःचे गुडघे दुखतात, आई त्याला उचलू शकत नाही. अशा घरांत मी जी निष्ठा पाहिली आहे तिला तोड नाही: चार चार तासांनी कूस बदलून देणारे, अंग पुसून कोरडे करणारे, हाताने घास भरवणारे वृद्ध दांपत्य पाहिले म्हणजे मन भरून येते. परंतु याच घरांना त्यांची गृहनिर्माण संस्था नोटीस धाडते की कुत्र्याला उद्वाहनातून नेऊ नये. चौथ्या मजल्यावरून, सांधे झिजलेल्या कुत्र्याला, सांधे झिजलेल्या माणसाने जिन्याने उतरवावे, असा या हुकुमाचा अर्थ होतो. पाळीव कुत्र्यांना उद्वाहन वापरण्यास मज्जाव करता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. ज्या सभासदांना कुत्र्याचे भय वाटते त्यांच्या भयाचाही मान राखला पाहिजे, यात शंका नाही. त्यासाठी पट्टा आखूड धरणे आणि उद्वाहनात दुसरे कोणी असल्यास थांबणे एवढा नियम पुरेसा आहे. सरसकट बंदी म्हणजे आजारी जिवाला त्याच्याच घरात कोंडणे होय, आणि ती मागे घेण्यासाठी संस्थेच्या सभेत उभे राहणे हा प्रत्येक समंजस सभासदाचा धर्म आहे.

वैद्यकीय सोयींची वाटणीही विषम आहे. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथेच सर दिनशा पेटिट यांच्या औदार्यातून उभे राहिलेले बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालय आहे, आणि २०२४ साली महालक्ष्मीला टाटा विश्वस्त निधीने लहान प्राण्यांसाठी अद्ययावत रुग्णालय उघडले आहे. परंतु जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो तो गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी, आणि शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा विचार करता तसे असणे न्याय्यही आहे. त्या खात्यावर अधिक भार टाकण्याचे मी सुचवीत नाही. तथापि परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या रुग्णालयांत आठवड्यातला एक दिवस केवळ वृद्ध कुत्र्या-मांजरांच्या तपासणीसाठी राखून ठेवला, तर विद्यार्थ्यांना वार्धक्याच्या विकारांचा अनुभव मिळेल आणि शंभर कोसांवरच्या मालकाला निदान निदानापुरता तरी आधार मिळेल.

कायद्याचा विचार करू लागले म्हणजे मन उद्विग्न होते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील अथक खटपटीतून प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा १९६० साली अस्तित्वात आला. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी सर्व वाजवी उपाय योजलेच पाहिजेत, असे त्यात निःसंदिग्ध शब्दांत म्हटले आहे, आणि उपासमारीला तोंड द्यावे लागेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा त्यात अपराध ठरवलेला आहे. परंतु पहिल्या अपराधाला दंड दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांपूर्वी पन्नास रुपयांना किंमत होती. आज त्यात चहा-नाश्ताही होत नाही. अंधळा झालेला स्पिट्झ किंवा दूध आटलेली, स्तनांत गाठी झालेली लॅब्रॅडॉर कुत्री महामार्गाच्या कडेला सोडून जाणाऱ्याला या दंडाचे कसले भय वाटणार? महाभारताच्या शेवटी युधिष्ठिरामागून चालत गेलेला कुत्रा आपण सर्वजण सांगतो, पण त्याच ग्रंथाच्या आदिपर्वात सरमा नावाची देवांची कुत्री जनमेजयाच्या यज्ञमंडपात येऊन उभी राहते आणि माझ्या निरपराध मुलाला तुझ्या भावांनी का मारले, असा जाब राजाला विचारते, हे आपण क्वचितच सांगतो. तेथे राजाकडून तिला उत्तर मिळाले नाही. दंडाची ती रक्कम वाढवण्याचे विधेयक संसदेपुढे आणून मंजूर करणे हे सरमेच्या त्या प्रश्नाला आज देता येण्याजोगे उत्तर आहे.

आणि सरकारने स्वतःच्या सेवेतल्या कुत्र्यांविषयी जे करावे ते करण्यात आघाडी घेतली पाहिजे. अपात्र ठरलेल्या लष्करी कुत्र्यांना मारून टाकले जात असे, ही गोष्ट २०१५ साली माहितीच्या अधिकाराखाली बाहेर आली, तेव्हा देशभर खळबळ उडाली. पुढे निवृत्त कुत्र्यांना नागरिकांनी दत्तक घेण्याची प्रथा पडू लागली, ही समाधानाची बाब आहे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा स्फोटके शोधणारे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार कुत्रे निवृत्तीनंतर विरारच्या एका खासगी आश्रयस्थानी राहिले आणि २०१६ सालात एकामागून एक गेले. तेथे त्यांची आस्थेने निगा राखली गेली. पण ज्यांनी सरकारी सेवेत हाडे झिजवली त्यांच्या औषधपाण्याची तरतूद कोणा दयाळू व्यक्तीच्या भरवशावर न सोडता पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकात एक स्वतंत्र बाब म्हणून झाली पाहिजे.

शेवटच्या निर्णयाविषयी बोलणे कठीण आहे, पण ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. वेदनाशामक औषधांचा उपयोग होईनासा झाला, श्वास घेणे कष्टाचे झाले, अन्नपाणी तुटले, आणि बऱ्या दिवसांहून वाईट दिवस अधिक होऊ लागले, म्हणजे त्याला शांतपणे जाऊ देणे हे माझ्या मते पाप नाही. आधी गुंगीचे औषध आणि मग बेशुद्धीच्या औषधाची मोठी मात्रा, अशा क्रमाने दिलेले हे मरण यातनाविरहित असते. मात्र घर रंगवायचे आहे, परदेशी जायचे आहे, फरशी खराब होते, असल्या सबबींवर मागितलेले दयामरण पशुवैद्याने नाकारावे, आणि पुष्कळ पशुवैद्य ते नाकारतात याबद्दल त्यांचा आदर केला पाहिजे. निर्णय झाल्यावर कुत्र्याला दवाखान्याच्या टेबलावर परक्यांच्या हवाली करून मालकाने बाहेर निघून जाऊ नये. ज्या हाताच्या वासावर तो जन्मभर विसंबला तो हात त्या वेळी त्याच्या अंगावर असावा.

महानगरपालिकांकडे माझे एकच मागणे आहे. मुंबईत, पुण्यात कुत्रा पाळण्याचा परवाना घ्यावा लागतो, त्याचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला जोडावा लागतो. म्हणजे नोंदवही आहे, फी आहे, मुदत आहे, पशुवैद्याची सहीही आहे. त्याच अर्जात कुत्र्याचे जन्मवर्ष नोंदवून, आठ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक कुत्र्याच्या नूतनीकरणासोबत वजन, दात, सांधे, हृदय, रक्त व लघवी यांची एक सवलतीची तपासणी ठेवावी, तिचा खर्च परवान्याच्या जमा रकमेतून भागवावा, आणि ज्या मालकाला स्वतःच्या वयामुळे कुत्रा दवाखान्यात आणणे अशक्य असेल त्याच्या घरी त्या तपासणीसाठी पशुवैद्य पाठवावा. येत्या अंदाजपत्रकात एखाद्या प्रभागापुरता हा प्रयोग मंजूर करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.